कॉर्नवॉलिस आणि आमचे भाऊ

आमच्या तासगावच्या गणपतीचे गोपुर सात मजली आहे. सातारा-सांगलीच्या मुलखात असे दुसरे माझ्या तरी पाहण्यात नाही. परशुरामभाऊ पटवर्धन मोहिमांच्या निमित्ताने कर्नाटकात गेले, तिकडची गोपुरे त्यांच्या मनात भरली आणि त्यांनी तसेच एक इथे उभे केले, असे गावात सांगतात. लहानपणी ऋषिपंचमीला रथाचा दोर ओढून तळहात सोलवटले, की गुलालाने माखलेली आम्ही पोरे त्याच गोपुराच्या सावलीत पेढे खात बसायचो. पुढे मी गावातल्याच एका शाळेत इतिहास शिकवू लागलो. तीस वर्षे फळ्यावर एक वाक्य लिहीत आलो : ‘भाऊंनी धारवाड घेतले.’ वाक्य खोटे नव्हे, पण अर्धे आहे, आणि ते अर्धे असल्याचे मला पहिल्यापासून ठाऊक होते. मात्र ते बोचले ते फार दूर, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात.

मुलीचे घर तिकडे आहे. ती आणि नातू मला यॉर्कटाउन दाखवायला घेऊन गेली. नदीकाठी मोकळी हिरवळ, तीत वेढ्याचे मातीचे बांध आणि चार तोफा, एवढेच दिसते. इथे १७८१ च्या ऑक्टोबरात लॉर्ड कॉर्नवॉलिस कोंडला गेला. जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो यांनी त्याला घेरले होते. समुद्राची वाट द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने अडवली होती. शरणागतीच्या दिवशी स्वारीने आजारपणाचे निमित्त काढले आणि तलवार देऊन ओहारा नावाच्या दुय्यमाला पाठवले. ओहारा प्रथम ती रोशांबोला द्यायला गेला! बंडखोर रयतेपेक्षा फ्रेंच सेनापतीपुढे वाकणे त्याला कमी लाजिरवाणे वाटले असावे. रोशांबोने नुसते वॉशिंग्टनकडे बोट दाखवले.

मला ते बोट फार आवडले. पण नातवाने विचारले, “आजोबा, मग या कॉर्नवॉलिसचं पुढे काय झालं?”

मी म्हणालो, “आपल्याकडे आला.”

पुढे सांगावे, तर जीभ रेटेना.

मौज अशी, की यॉर्कटाउनच्या आधी चार वर्षे आमच्या नाना फडणिसांनीही फ्रेंचांना हाताशी धरून पाहिले होते. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर ज्यांचा वाडा आहे, तेच नाना. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, त्याची सरबराई झाली, इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. फौज मात्र आली नाही. तरीही जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना तह करायला लावले, तो कोणत्याही फिरंगी दोस्तावाचून. यॉर्कटाउननंतर सात महिन्यांनी सालबाईचा तह झाला आणि ती लढाई संपली.

कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात उतरला. टिपूने १७८५ मध्ये नरगुंद घेतले होते. ते शल्य इकडे होतेच. १ जून १७९० रोजी पुण्याला करार झाला आणि भाऊ धारवाडला वेढा घालून बसले. सोबत कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण. या वेढ्याची हकीकत मूर नावाच्या इंग्रज लेफ्टनंटने लिहून ठेवली आहे. आमचे गोलंदाज तोफ भरीत, मग अर्धा तास चिलीम ओढीत गप्पा मारीत, नंतर बत्ती देत. भरपूर धुरळा उडाला की काम फत्ते! दुपारी जेवणाच्या वेळी दोन्हीकडची तोफ सहसा बोलत नसे. हे सारे मूरने कुचेष्टेने लिहिले आहे हे खरे, तरी त्या दुपारच्या सुट्टीबद्दल मला अजून माया वाटते. वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला, मदतीला आलेला इंग्रज कर्नल फ्रेडरिक त्यातच वारला, आणि एप्रिल १७९१ मध्ये किल्ला हाती आला.

त्यापुढचा प्रसंग मी वर्गात कधीच सांगितला नाही. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला होता, पण बैल मेले, दाणागोटा संपला. वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या आणि उपाशी फौज घेऊन तो माघारी वळला. वाटेत घोडेस्वार दिसले. शत्रूच आला, असे त्याच्या लोकांना वाटले. ते हरिपंत फडके आणि आमचे भाऊ होते! त्यांच्या लष्करी बाजारात बर्मिंगहॅमच्या चाकूपासून काश्मीरच्या शालीपर्यंत आणि कोकणच्या सुक्या मासळीपर्यंत सगळे मिळत होते. भाव चढे होते, पण धान्य होते. यॉर्कटाउनला समुद्राकडून ज्याची कोंडी झाली, त्याची श्रीरंगपट्टणची उपासमार आमच्या बाजाराने टाळली. पुढच्या मार्चमध्ये टिपूने अर्धे राज्य दिले. त्यात आमचाही वाटा होता.

फ्रेंच अमेरिकेतून आपली जहाजे घेऊन परत गेले. आमचे दोस्त इथेच राहिले. १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला गेला. १८४८ मध्ये औरस वारस नाही म्हणून साताऱ्याचे राज्य खालसा करण्याचे ठरले, आणि त्याच साली भाऊंचे तासगावही कंपनीने घेतले.

गेल्या भाद्रपदात नातू गावी आला. गोपुराचे मजले त्याने बोटाने दोनदा मोजले आणि विचारले, “आजोबा, हे भाऊंनी जिंकल्यावर बांधलं का?”

“काम आधीपासून चाललं होतं,” मी म्हणालो, “वीस वर्षं. मधे ते धारवाडला गेले.”

“एकटे?”

रथाचा दोर ताणला गेला होता. “नाही,” मी म्हणालो, “बस इथं, सांगतो.”