काचेंतील तळें

"ज्या गांवीं नळाला रोज पाणी येत नाहीं, त्या गांवीं १०० लिटर पाणी काचेंत कोंडून त्याकडे पाहात बसावें, हा कुठला न्याय?" आमच्या मातोश्रींनीं हा प्रश्न केला, तेव्हां त्याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. अक्कलकोटांत हंडे-पिंपांची मांडणी देवघराइतकीच काळजीनें करावी लागते. अशा घरांत मत्स्यपेटी आली, ती केवळ सूनबाईसाठीं.

सूनबाई सावंतवाडीची. मोती तलावाच्या काठीं वाढलेली मुलगी. येथील उघडें माळरान आणि ४० अंशांवर जाणारा वैशाख पाहून ती अबोल झाली. कामांत कसूर नव्हती. पण हसणें जणुं माहेरींच राहिलें होतें. तिचें मन रमावें म्हणून चिरंजिवांनीं पेटी आणिली आणि दूरच्या एका रोपवाटिकेंतून तांबड्या-जांभळ्या पाणवनस्पति मागविल्या. चार दिवस घर त्या पेटीभोंवतीं गोळा झालें. पंधरवड्यांत पानें निस्तेज होऊन विरघळूं लागलीं, पाणी गढूळलें, आणि सूनबाईनें सारीं रोपें उपटून टाकलीं. तें पाहून आमच्या तोंडून निघून गेलें, "कोंकणचीं कौतुकें या पाण्यांत जगावयाचीं नाहींत."

आम्ही बोललों रोपांविषयीं. शब्द लागले भलतीकडेच. ती मुकाट्यानें हात धुऊन आंत गेली. जिभेला झालेल्या अपराधाचें प्रायश्चित्त डोळ्यांनीं करावें, म्हणून आम्ही या विषयावरील पुस्तकें वाचावयास बसलों.

मूळ कल्पना बरीच जुनी आहे. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १२ गॅलनांच्या पात्रांत दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही गवतासारख्या पात्यांची पाणवनस्पति आणि कांहीं गोगलगाई एकत्र ठेविल्या, व १८५० साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. माशांनीं सोडलेला कर्बद्विप्राणिल वायु वनस्पति घेते, उजेडांत ती प्राणवायु देते, आणि कुजकीं पानें गोगलगाई खातात. प्रत्येकाचें उच्छिष्ट दुसऱ्याचें अन्न. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस यांत नवल वाटावयाचें नाहीं!

मग आमचीं रोपें कां मेलीं? खरें पाहतां तीं मेलींच नव्हतीं. रोपवाटिकांतून पुष्कळशा पाणवनस्पति पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढवितात. त्यांचीं पानें हवेसाठीं घडलेलीं असतात. पाण्यांत बुडविल्यावर तीं गळतात, आणि शेंड्याकडून पाण्याला साजेशीं नवीं, पातळ पानें फुटतात. म्हणजे मरण समजून जें फेंकलें, ती रुजण्याची सुरुवात होती. आम्हांस धीर नव्हता, एवढेंच.

दुसरें कारण पाण्याचें. आमच्या कूपनलिकेचें पाणी काळ्या पाषाणांतून पाझरून येतें. त्यांत साबणाला फेंस येत नाहीं, आणि तपेल्याच्या बुडाशीं पांढरी खपली धरते. अशा दुष्फेन पाण्यांत कर्ब बहुतेक क्षाररूपानें असतो. व्हॅलिस्नेरिया आणि तळ्यांतील हायड्रिला हा क्षाररूप कर्ब पचवूं शकतात. पण रोटाला माक्रांद्रासारख्या नाजूक तांबड्या जातीला मृदु पाणी आणि त्यांत विरलेला वायुच लागतो. ही रोटाला मूळची आपल्याच दक्षिणेंतील पश्चिम घाटांतली, हें वाचून तर आम्ही अधिकच ओशाळलों. तिचा रंग अँथोसायनिन द्रव्याचा. कोकमाला व जांभळाला रंग देतें तेंच हें द्रव्य. उजेड कमी पडला कीं पान हिरवटतें, लोह न मिळालें कीं फिकुटतें, आणि पाण्यांत नत्र फार झालें तरी लाली उतरते.

पावसाळा लागतांच आम्हीं गच्चीला पन्हळी बसविल्या. पहिल्या दोन सरी धूळ धुण्यासाठीं वाहूं दिल्या. पुढचें पाणी पिंपांत धरलें. पेटीच्या तळाशीं इंचभर बागेंतली माती, तीवर दोन इंच धुतलेली जाड वाळू, आणि तीन भाग पावसाच्या पाण्यांत एक भाग घरचें पाणी अशी योजना केली. दिवा दिवसाचे ८ तासच. खिडकींतलें ऊन आंत येऊं दिलें नाहीं, कारण त्यानें शेवाळ माजतें. साखर व यीस्ट बाटलींत आंबवून निघणारा वायु बारीक नळीनें पाण्यांत सोडला. रोपें पुन्हां आणवलीं आणि सूनबाईला म्हणालों, "या खेपेस उपटूं नकोस. चूक रोपांची नव्हती, आमची होती." ती कांहीं बोलली नाहीं, पण रोपें तिनेंच लाविलीं.

जुनीं पानें याही वेळीं गळलीं. तिसऱ्या आठवड्यांत शेंड्याशीं गुंजेएवढें तांबडें पान दिसलें. तें प्रथम दिसलें मातोश्रींस. भिंगाचा चष्मा लावून त्या पेटीपुढें किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे!

त्यांच्या प्रश्नाचें उत्तरही त्याच पावसानें दिलें. पेटींतलें १५ लिटर पाणी दर आठवड्यास बदलावें लागतें. माशांच्या मळानें तें खताचें पाणीच झालेलें असतें. तें मोगऱ्याला आणि जास्वंदीला जातें. आणि पेटीसाठीं बसविलेल्या पन्हळींनीं घरचीं चार पिंपें भरलीं. पेटीनें घेतलें त्याहून अधिक पाणी तिच्या निमित्तानें घरांत आलें.

यंदाच्या वैशाखांत सूनबाई माहेरीं गेली होती. उन्हाच्या झळांनीं पाणी तापूं नये म्हणून मातोश्री काचेवर ओला पंचा टाकीत, जसा माठावर टाकावा तसा. एके सायंकाळीं सूनबाईचा दूरध्वनि आला. सर्वांची विचारपूस झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तांबड्या रोपांचे शेंडे वर आले असतील. पण मी घरीं येईपर्यंत कुणी छाटूं नका हं."

आम्हीं बरें म्हटलें. बोलत होती ती सावंतवाडीहून, आपल्या आईच्या माजघरांतून. "घरीं" हा शब्द मातोश्रींनींही ऐकला असावा. त्यांनीं तो पंचा पुन्हां भिजवून आणला.