बिऱ्हाडामागची मोटार

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण ज्यास घरदार नाहीं त्याच्याविषयीं योजतों. अमेरिकेंत मात्र चांगलें घरदार असलेलीं, मुलेंबाळें मार्गास लागलेलीं माणसें हौसेनें असें बिऱ्हाड करितात. त्यास तिकडे मोटारहोम म्हणतात. तीस-पस्तीस फूट लांबीची बस, आणि तिच्या पोटांत निजावयाची खोली, चूल, न्हाणीघर, पाण्याची टांकी असा सगळा संसार. पण हें घर एखाद्या तळ्याकांठीं एकदां उभें केलें, कीं मग शेरभर दूध आणण्यासाठीं तें पुनः कोण हलविणार? म्हणून त्याच्यामागें एक लहान मोटार बांधून नेण्याचा प्रघात आहे. चारी चाकें रस्त्यावर टेकलेलीं, आंत कोणी नाहीं, आणि गाईमागून वासरूं जावें तशी ती घरामागून निमूट चाललेली, हें दृश्य प्रथम पाहणारास मोठें गमतीचें वाटतें. परंतु वासरूं उतारावर गाईस ढकलीत नाहीं. ही मोटार ढकलते.

आमचा भाचा डेन्व्हर शहरीं असतो. त्याच्या ह्या फिरत्या घरांतून आम्ही उभयतां, तो व सूनबाई असे चौघे यूटा संस्थानांतील मोआब येथील तांबडे पाषाण व त्यांच्या नैसर्गिक कमानी पाहून परत येत होतों. मोआब सोडून कॉलोरॅडो नदीच्या कांठाकांठानें वर चढूं लागलें म्हणजे ग्लेनवुडची घळ लागते. साडेबारा मैलांची ही घळ. एका बाजूस मोटाररस्ता, मध्यें नदी, पलीकडे आगगाडी. जागा इतकी अपुरी कीं, रस्त्याच्या जाणाऱ्या व येणाऱ्या वाटा एकीवर एक मजल्यांसारख्या रचाव्या लागल्या. हें काम पुरें होण्यास 1992 साल उजाडलें. डोंगर फोडण्यापेक्षां त्यास न दुखवितां पलीकडे जाण्यांत येथील स्थापत्यविशारदांनीं जी बुद्धि खर्चिली आहे, ती पाहून आमचें मन प्रसन्न झालें.

पुढें व्हेल नांवाची 10,662 फुटांची खिंड ओलांडून गाडी उतारास लागली, तोंच भाचा म्हणाला, "मामा, दिवा लागत नाहीं."

हा दिवा म्हणजे काय, हें समजण्यास मागच्या मोटारीची व्यवस्था थोडी सांगितली पाहिजे. आमचें घर सुमारें दहा टन वजनाचें, आणि मागची मोटार 3,800 पौंडांची. शंभर फुटांत सहा फूट उतरणाऱ्या रस्त्यावर ती पुढच्या घरास सुमारें 230 पौंडांच्या जोरानें ढकलीत असते. आणि एकाएकीं थांबावयाची वेळ आली, तर हा जोर कितीतरी पटींनीं वाढतो. आपल्या घाटांत भरल्या बैलगाडीचें ओझें उतारावर बैलांच्या मानेवर कसें येतें, तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस अधिक सांगणें नको. म्हणून ओढल्या जाणाऱ्या वाहनास, त्याचें वजन ठराविक मर्यादेपलीकडे असल्यास, स्वतःचा ब्रेक पाहिजे असा तेथील पुष्कळ संस्थानांत कायदा आहे. ती मर्यादा मात्र संस्थानागणिक निराळी. मोटारीस ब्रेक असतोच; पण तो दाबावयास आंत माणूस कोठें आहे? त्या माणसाच्या जागीं एक पेटी ठेवितात. चालकाच्या पायांशीं बसणारी ही पेटी आपला लोखंडी हात पुढें करून ब्रेकचें पेडल धरून असते. पुढच्या घराचा वेग कमी झाल्याचें पेटींतील यंत्रास धक्क्यावरून उमजतें, तेव्हां ती पेडल दाबते. वेग सांवरला कीं सोडते. पुढें चालकासमोर एक लहानसा दिवा असतो. मागें पेडल दाबलें गेलें कीं तो लागतो. चालकास आपल्या पाठीमागची हकीकत कळण्याचें तेंच काय तें साधन.

मोठ्या मोटारहोमांतून मालमोटारींसारखे दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात; तीच हवा नळीनें मागच्या मोटारीस पोंचवितां येते. आमच्या घरास ती सोय नव्हती. आमची पेटी विजेवर चालणारी. आणि वीज कोठची, तर त्याच मोटारीच्या 12 व्होल्टांच्या बॅटरीची, सिगारेट पेटविण्यासाठीं पूर्वीं जें भोंक ठेवीत असत त्यांतून घेतलेली. तिढा आहे तो येथेंच. ओढली जात असतांना मोटारीचें एंजिन बंद असतें, म्हणजे बॅटरी भरणारें कोणी नाहीं. उलट स्टिअरिंगला कुलूप पडूं नये म्हणून पुष्कळ मोटारींत किल्ली अर्धवट फिरवून ठेवावी लागते, आणि त्यायोगें मोटारींतील कांहीं भाग सारखी वीज खात राहतात. पेटी दर दाबास आपला वांटा घेते. पेडल दाबलें कीं मोटारीचे मागचे तांबडे दिवेही तेथूनच पेटतात. समजा, हा सगळा खर्च सरासरीनें पांच अँपिअर धरला, तर पन्नास अँपिअर-तासांची नवी बॅटरी दहा तासांत रिकामी. जुनी असल्यास त्याच्या बऱ्याच आधीं.

ह्याहून कठीण गोष्ट पुढेंच आहे. जोडदांडा निसटून मोटार सुटलीच, तर एक बारीक पोलादी दोरी ताणली जाऊन खुंटी निघते, आणि ती निघतांच पेटी पूर्ण जोरानें ब्रेक लावते. शेवटचा उपाय तो हाच; पण तोही त्याच बॅटरीच्या जिवावर! नित्याचा पहारेकरी आणि संकटकाळचा पहारेकरी दोघेही एकाच शिदोरीवर जेवणारे, आणि ती संपल्याचें पुढें बसलेल्यास सांगावयास न लागणाऱ्या दिव्यापलीकडे कांहीं नाहीं.

मोआबपासून सुमारें 280 मैलांची मजल करून संध्याकाळीं डिलन येथील तळ्याकांठीं उतरलों, तेव्हां मोटार अगदीं थंड होती. दार उघडलें तरी आंतला दिवा लागेना.

डिलन हें स्थळ 9,000 फुटांहून उंच. तळें मनुष्यनिर्मित असून 1963 सालीं भरूं लागलें. जुनें डिलन गांव त्यासाठीं उठवून वर बसविलें. ह्या तळ्याचें पाणी डोंगराच्या पोटांतून 23 मैल लांबीच्या बोगद्यानें पलीकडे डेन्व्हरकडे नेलें आहे. पश्चिमेस जावयाचें पाणी पूर्वेस वळविलेलें. आमच्या कोयनेच्या नेमकें उलट! सायंकाळीं ह्या पाण्यांत बर्फाच्छादित शिखरांचीं प्रतिबिंबें पडलीं होतीं. त्या शोभेकडे मात्र कोणाचें लक्ष नव्हतें.

कारण दुसऱ्या दिवसाचा रस्ता. डिलनहून चढून आयझेनहॉवर बोगद्यांत शिरावयाचें, 1.7 मैलांचा, समुद्रसपाटीपासून 11,000 फुटांवरचा. पूर्वेकडे जाणारांचा बोगदा 1979 सालीं खुला झाला. तेथून डेन्व्हरपर्यंतच्या साठ मैलांत सुमारें 5,700 फूट खालीं यावयाचें. आपलें कळसूबाईचें शिखर 5,400 फुटांचें. म्हणजे आख्खी कळसूबाई समुद्रापर्यंत उतरण्याहून हें अधिक. आणि उतार कसा? बोरघाटांतील आगगाडीचा चढ 37 फुटांस एक फूट; येथें मोटाररस्ता कित्येक ठिकाणीं 17 फुटांस एक. मध्यें जॉर्जटाउन म्हणून जुनें रुप्याच्या खाणींचें गांव आहे. तेथून दोनच मैलांवरच्या सिल्व्हर प्लूमला 640 फूट चढण्यास आगगाडीस साडेचार मैलांचें वेटोळें घ्यावें लागलें. तो लोहमार्ग 1884 सालचा. मोटाररस्ता असलीं वेटोळीं घेत नाहीं. तो सरळ खालीं जातो.

बोरघाटांत सुटलेली गाडी पकडण्यासाठीं चढावर जाणारे आडमार्ग ठेविलेले आहेत. तसेच ह्या रस्त्याच्या कडेस भुसभुशीत खडीनें भरलेले चढाचे फांटे आहेत. ब्रेक गेलेल्या मालमोटारीनें त्यांत शिरावें आणि रुतून थांबावें. डेन्व्हर दिसूं लागल्यावर चालकास वाटतें, घाट संपला. म्हणून तेथें मुद्दाम फलक लाविले आहेत कीं, फसूं नका, उतार अजून बाकी आहे. 25 एप्रिल 2019 रोजीं लाकूड भरलेल्या एका मालमोटारीचे ब्रेक ह्या रस्त्यावर निकामी झाले. खडीचा फांटा मागें पडला, आणि शहराच्या तोंडाशीं लेकवुड येथें खोळंबलेल्या वाहनांवर ती आदळून चार माणसें प्राणांस मुकलीं.

भाच्याचें म्हणणें असें कीं, दुसऱ्याच्या बॅटरीस तारा जोडून मोटार सुरू करावी, तासभर एंजिन चालवावें, आणि निघावें. सत्तर मैलांचा तर प्रश्न. सूनबाईंस तें पटेना. "मामा, तुम्हीच सांगा, एकदां मेलेली बॅटरी बोगद्यापलीकडे जिवंत राहील हें कशावरून समजावयाचें?" आम्हांस यंत्रांतलें फारसें कळत नाहीं, पण प्रश्न रास्त वाटला. आम्ही म्हणालों, "अरे, मोजून पाहा, मग ठरवूं." शेजारच्या बिऱ्हाडांतील एका वृद्ध गृहस्थांनीं मोजण्याचें यंत्र दिलें. तासभर एंजिन चालवून बंद केल्यावर बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवीत होती. किल्ली अर्धवट फिरवून पेटी चालू ठेविली, तों पाऊण तासांत ती 11.8 वर आली. वाद तेथेंच मिटला.

सकाळीं मोटार सोडवून सूनबाई ती स्वतः चालवीत पुढें गेल्या. आमच्या सौभाग्यवती त्यांच्या शेजारीं बसल्या. मागें आम्ही घर घेऊन. भाचा खालच्या गिअरमध्यें एंजिनाच्या ओढीवरच वेग आंवरीत होता. ब्रेक दाबी तो मधून मधून, ठामपणें, आणि लगेच सोडी. सारखा पाय ठेवल्यास ब्रेक तापून निरुपयोगी होतात. तरीही जॉर्जटाउनच्या उतारावर तापल्या ब्रेकांचा वास आला. तो आमचा कीं पुढच्या मालमोटारीचा, हें कळलें नाहीं.

डेन्व्हरला आल्यावर नवी बॅटरी बसविली आणि जें आधींच असावयास हवें होतें तें केलें. घराच्या दिव्यांच्या तारा ज्या जाड वायरींतून मोटारीस जातात, तींत एक जोडणी रिकामी असते. तींतून घराच्या बॅटरीपासून मोटारीच्या बॅटरीपर्यंत एक तार ओढली. पुढें एंजिन चालूं आहे तोंवर मागची बॅटरी भरत राहावी, एवढाच हेतु. तार पन्नास फुटांहून लांब. बारीक घेतली तर वाटेंतच व्होल्ट गळतात, म्हणून जाड घेतली. फ्यूज दोन्ही टोकांस घातले, कारण दोन्ही टोकांस बॅटरी आहे. तार मध्यें कोठें घांसून उघडी पडली, तर आग कोणत्याही बाजूनें लागूं शकते. प्रवाह बेतानें सोडणारें एक लहान यंत्रही मध्यें बसविलें. हा सारा खर्च नव्या बॅटरीहून फारसा अधिक झाला नाहीं. पेटी विकणारानें मात्र ह्या तारेचा उल्लेखही केलेला नव्हता, आणि ह्याचा सूनबाईंस अजून राग आहे.

पानें पिवळीं पडण्याच्या दिवसांत पुनः डिलनला गेलों. व्हेलपलीकडून, दिवसभराची मजल करून. उतरतांच भाच्यानें चुलीआधीं मोजण्याचें यंत्र काढलें. कांटा 12.7 वर होता. त्या संध्याकाळीं तळ्याच्या कांठावरून अंधार पडेपर्यंत हिंडलों.