काचपट्टीवरचे रक्त

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून त्यातून रोग हुडकावयाचा असतो, हे मला प्रथम उमगले ते हिवतापाच्या कर्मचाऱ्यामुळे. १९५८ साली देशभर आरंभलेली निर्मूलनाची मोहीम बालाघाटाच्या माथ्यावरील आमच्या लिंबागणेशास पोहोचल्यावर, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून, काच कागदात गुंडाळून, भिंतीवर भेटीची तारीख नोंदवून जाणारा तो मनुष्य आम्हां मुलांना तहसीलदाराहून वजनदार वाटे.

पुढे शाळेत विज्ञान शिकविताना तीच काचपट्टी पुन्हा भेटली. हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले डासाच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सनने १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरी पाहिले; ती माणसाच्या रक्तात बहुधा रात्रीच उतरतात, म्हणून हत्तीरोगाच्या तपासणीचे रक्त रात्री घ्यावे लागते. योग्य घटकेला विचारले नाही तर रक्त साक्ष देत नाही, ही गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून रुजली.

उतारवयात तिचा प्रत्यय आला तो शेजाऱ्यांच्या मोत्या कुत्र्यामुळे. शेजारचे ऊसतोडीचे कुटुंब दसऱ्यानंतर पश्चिमेकडील कारखान्यांच्या मुलखात जाई, तेव्हा मोत्याही त्यांच्याबरोबर जाई आणि पाडव्याच्या सुमारास परत येई. एका चैत्रात तो खोकत परतला. डॉक्टरांनी हृदयातील कृमीचा संशय घेऊन रक्त तपासले. चाचणीच्या पट्टीवर रेघ उमटली नाही, काचेवरही काही आढळले नाही, आणि तरीही डॉक्टर त्यास निर्दोष ठरविण्यास राजी झाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की ही पट्टी मुख्यतः पूर्ण वाढलेल्या मादीचे द्रव्य ओळखते, आणि डास चावल्यापासून मादी त्या अवस्थेस येण्यास सहा महिन्यांच्या आसपास मुदत लागते. म्हणजे उसाच्या फडात बाधा झाली असली, तरी गळिताचा हंगाम आटोपून परतलेला कुत्रा त्या दिवशी 'निगेटिव्ह'च निघणार. कृमी सारे नर असले, माद्या अगदीच थोड्या असल्या किंवा ते द्रव्य प्रतिपिंडांनी जखडलेले असले, तरीही पट्टी कोरीच राहते. खोकला औषधाने हटला. फेरतपासणी भाद्रपदावर ठेवली.

भाद्रपदात पेच अधिकच वाढला. पट्टी पुन्हा कोरी. पण ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरताच लाल पेशींना ढुसण्या देत जागच्या जागी वळवळणारी सूक्ष्म पिल्ले मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. नमुना शहरातील प्रयोगशाळेत रवाना झाला. तेथे फॉर्मॅलिनमध्ये रक्त फोडून, गाळ रंगवून पिल्लांची लांबी, डोके आणि शेपटीचा बाक तपासला, जनुकीय चाचणीनेही ताडून पाहिले; निकाल आला, की हा हृदयातला नव्हे, त्वचेखाली राहणारा कृमी, डायरोफायलेरिया रेपेन्स. मुंबईच्या भटक्या कुत्र्यांतही तो पूर्वी आढळलेला आहे, आणि डासामार्फत क्वचित माणसाच्या डोळ्यातही तो शिरतो. हृदयकृमीवरील सोमलयुक्त सुया मोत्याला द्याव्या लागल्या नाहीत, याचे मला फार मोठे समाधान वाटले; त्या औषधाने मेलेले कृमी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकून कुत्रा दगावू शकतो, तेव्हा अर्धवट निकालावर ते देणे म्हणजे अन्यायच.

म्हणून माझी पशुपालकांस कळकळीची विनंती आहे: कुत्र्याचे रक्त तपासावयास नेताना तो गेल्या वर्षात कोणकोणत्या मुलखात, किती महिने राहिला, याची कैफियत डॉक्टरांपुढे आधी मांडा, आणि पहिला निकाल स्वच्छ आला तरी सहा महिन्यांनी त्यास पुन्हा घेऊन जा.