धूळपेरणीच्या दिवसांतली टिपणे

पिंपळगाव राजा, मृगाच्या तोंडावर. कोरड्या मातीत सरकी टोबायची आणि मग पावसाची वाट बघायची, ही धूळपेरणी. सरकारने २०२५ साली बीजी-दोन कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा दर ९०१ रुपये ठरवला. एकराला साधारण दोन पाकिटे लागतात. मजुरी वेगळी.

*

वेडेपणा वाटतो, पण हिशोब आहे. काळ्या जमिनीत दमदार पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत पाय ठेवता येत नाही, आणि वाफसा आला की सगळ्या शिवाराला एकाच दिवशी मजूर हवे असतात. शिवाय कोरडवाहू पऱ्हाटीला पुढे ओल कमी पडते, म्हणून सुरुवातीचे आठ-दहा दिवस हाती लागले तर ते बोंडात दिसतात.

पाऊस आलाच नाही, तर सरकी काही दिवस दम धरते. घात करतो तो अर्धवट पाऊस. एक सर येते, कोंब वर निघतो आणि मग आठवडाभर ऊन. दुबार पेरणी बहुधा अशीच गळ्यात पडते. म्हणून कृषी खाते ७५ ते १०० मिलिमीटर पावसाआधी पेरू नका म्हणते. गुलाबी बोंडअळीमुळे घाईच्या कपाशीला त्यांचा विरोध आहेच. सल्ला बरोबर आहे. फक्त त्या दिवशीचे मजूर सल्ल्यासोबत येत नाहीत.

*

हिंदुस्थानचे अंदाजपत्रक म्हणजे पावसावरचा जुगार, हे इंग्रज अमदानीतले बोलणे अजून चालते. मला ते पटत नाही. जुगाऱ्याला डाव सोडून उठता येते. इथे मक्त्याने केलेल्या वावराचे पैसे आधीच मोजलेले असतात, आणि पेरले नाही तरी पीककर्जाचे व्याज थांबत नाही.

*

याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. अठरा धान्ये, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या पहाटे पाऊस, पिके आणि राज्यकारभारही सांगतात. शास्त्राचा आधार काही नाही. पण भाकीत ऐकून आलेला माणूसही सोयाबीनमध्ये तुरीची तासे घालतोच! एक बुडाले तर दुसरे हाताशी.

*

भावाची जोखीम जुनीच. अमेरिकेतल्या यादवीत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, ती १८६५ला संपली आणि भाव कोसळले. १८७०मध्ये जलंब–खामगाव रेल्वे झाली, तेव्हा तेजी ओसरली होती.

*

खरीप २०२३ला पीकविमा एक रुपयात झाला. २०२५ला पुन्हा शेतकऱ्याचा हिस्सा, कपाशीला जास्तीत जास्त पाच टक्के. उत्पन्नाची भरपाई ठरते महसूल मंडळाच्या सरासरीवर. एकट्याच्या वावरातली करपलेली सरकी त्यात मोजली जात नाही.

म्हणून काही जण अर्धे वावर धुळीत पेरतात, अर्धे पावसावर ठेवतात. पाकिटे मात्र सगळी आधीच घेऊन ठेवतात, कारण पाऊस पडला की दुकानात हवे ते वाण मिळेलच असे नाही.