चुड्यामागचा उजेड

पुणे

चि. सईस,


बांगड्यांचे फोटो मिळाले. मांडणी सुरेख आहे, फोकसही नेमका बसलाय. पण हिरवा चुडा हिरवा दिसत नाही. दिसते ती काळपट काच आणि तिच्यावर पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे तुझाच फ्लॅश. उजेड तू बांगडीवर टाकलास, तो बांगडीच्या मागे हवा होता.

काचेवर सरळ पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के पृष्ठभागावरून परततो, आणि तोही दिव्याच्याच रंगाचा. रंग चढतो तो आत शिरून पलीकडे निघणाऱ्या उजेडाला. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक आहे. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. समोरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो, मागून आला की लाल! आपला चुडा इतका मायावी नाही, पण त्यालाही मागचाच उजेड मानवतो.

मागे ट्रेसिंग पेपर ताणून बसव, त्यामागे दिवा. कागद बांगडीपासून वीतभर तरी लांब असू दे, नाहीतर त्याचा पोत फोटोत उतरेल. उजळ भाग फ्रेमपुरताच ठेवायचा, बाकीचा काळ्या कार्डानं झाकायचा. झाकायचा लोक कंटाळा करतात आणि मग कडा विरून गेल्या म्हणून कुरकुरतात. काचेची कड बाजूचं दृश्य वळवून आपल्याकडे आणते. बाजूला काळं असलं की कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि आकार उठून दिसतो. उलटही करता येतं: मागे मधोमध काळं कार्ड, उजेड त्याच्या चहूबाजूंनी. मग कडा झळकतात. अत्तराच्या बिनरंगी कुपीला ते शोभेल. चुड्याला नको, रंग मागे पडतो.

एकावर एक रचलेल्या बांगड्या बाजूनं टिपल्यास तर उजेडाला समोरची आणि मागची अशी दुहेरी काच ओलांडावी लागते, म्हणून हिरवा काळ्याकडे झुकतो. एकच बांगडी दुधी अ‍ॅक्रिलिकवर आडवी ठेव, खालून उजेड दे आणि वरून टिप. सोनेरी नक्षी मात्र अपारदर्शक, ती काळी पडेल. तिच्यासाठी कॅमेऱ्याच्या बाजूनं एक पांढरा कागद धरलास तरी पुरे.

वन-टू-वनला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापात उमटेल इतक्या जवळून, एफ/८ लावलंस तरी उजेड एफ/१६ इतकाच पोचतो, आणि फुल फ्रेमवर फोकसमध्ये येते ती जेमतेम मिलिमीटरभर खोली. तेव्हा ट्रायपॉड, लांब शटर आणि फोकस स्टॅकिंग. हात स्थिर आहे वगैरे मला सांगू नकोस.

आणखी एक. तिसऱ्या फोटोतला जोड तू संगणकावर पुसलायस. फिरोझाबादला काचेच्या वेटोळ्यातून कापलेल्या वळ्यांची टोकं ज्योतीवर एकेक करून जोडतात. त्या हाताची खूण तेवढीच उरते. मॅक्रोत ती दिसणार नसेल तर इतक्या जवळ जायचं कशाला? तो फोटो पुन्हा काढ, आणि या वेळी जेपेग नको, रॉ फाइल पाठव.

तुझा,
काका