बाराव्या मजल्याचा डबा

आमच्या फ्रिजवर ॲल्युमिनियमचा एक उंच डबा उभा आहे. आतला तीन पुडांचा स्टीलचा डबा वेगळा. हा त्याचा अंगरखा. अंगावर पोचे, कडी एका बाजूला वाकलेली, आणि झाकणावर रंगाने लिहिलेला पत्ता: आमच्या पार्ल्याची अक्षरं, चर्चगेटचा ३, इमारतीची खूण आणि शेवटी १२. त्या बाराच्या खाली नीट पाहिलं तर पुसटसा ४ दिसतो. चौथा मजला बाबांच्या बँकेचा होता, बारावा माझ्या ऑफिसचा. माणसाचं नाव त्यावर कधीच नव्हतं. मजला डब्याला ठाऊक. त्या मजल्यावर कोण भुकेलं बसलंय, ते नेणाऱ्याला ठाऊक.

स्वभावाने हा फार नेमाचा. सकाळी दारात तयार. स्टेशनवर शेजारपाजारच्या डब्यांत मिसळायचा, लाकडी पाटीत बसून लगेजच्या डब्यातून चर्चगेटला उतरायचा, तिथे पाटी बदलायचा आणि साडेबाराला बाराव्या मजल्यावर लिफ्टपाशी इतर भावंडांच्या रांगेत उभा. संध्याकाळी मी लोकलमध्ये असेतोवर तो घरी पोचलेला असे. भाजी तशीच परत आली असेल, तर मी दार वाजवायच्या आधीच आईला कळायचं, आज काहीतरी बिनसलंय.

कुळी जुनी आहे त्याची. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचा जम बसवला, आणि मावळ, खेड, जुन्नरकडच्या माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला. आमच्याकडे डबा न्यायला येणारे दादा खेडचे. चैत्रात ते गावच्या यात्रेला जात, तेवढे दिवस डबा विसावा घेई. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, तेव्हाही आईने तो घासून पालथा घातला, यात्रेच्या सुट्टीला घालायची तसाच. १५ ऑगस्ट २०२१ ला लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली. माझं ऑफिस पुढे सुरू झालं ते फक्त मंगळवार आणि गुरुवारपुरतं. बाकी घरून.

घरून काम करणं मला आवडतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिच्याजवळ होते. पूर्वी ते शक्यच नव्हतं. रोज त्या गर्दीत परत शिरा, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण दादांनी दारात उभं राहून मांडलेला हिशेब मनातून जात नाही. पाटीत तीसेक डबे असायचे. त्यातले दहा उरले तरी गाडी तीच, चालणं तेच, दुपारचं ऊन तेच. "ताई, कुणाचा सोमवार, कुणाचा बुधवार. पाटी भरतच नाही." आम्ही सगळे एकाच दिवशी एकाच दिशेला जात होतो, म्हणून तर डबा इतक्या थोडक्या पैशांत पोचत होता. मग ज्याने त्याने आपल्या सोयीचे वार निवडले. मीही निवडले. ऑफिस यापुढे आठवड्यातून दोनच दिवस भरणार असेल, तर भरो. निदान एका इमारतीतल्या सगळ्यांनी वार तरी एकच धरावेत, असं मला फार वाटतं. मीटिंग काय, पडद्यावर होते. शेजारणीच्या पुडातली शेवग्याची शेंग उचलायला मात्र शेजारीच बसावं लागतं.

आता तो मजलाही राहिला नाही. आमच्या ऑफिसने बारावा मजला सोडून जवळच लहान जागा घेतली. तिथे कुणाचं ठरलेलं टेबल नसतं. रिकामं दिसेल तिथे बसायचं. मंगळवारी मी आतला डबा पिशवीत घालून स्वतःच नेते. लॅपटॉपशेजारी अंगरखा मावत नाही.

गेल्या दिवाळीला दादा येऊन गेले. ते आता एका सोसायटीत रखवाली करतात. आईने दरवर्षीसारखं पाकीट पुढे केलं, तेव्हा ते संकोचले. मग फ्रिजवरून डबा उतरवून घेतला, वाकलेली कडी दोन्ही हातांनी सरळ केली आणि झाकणावरच्या बारावरून अंगठा फिरवला.

"रंग धरून आहे अजून," म्हणाले.