दोघांच्याही डोक्यात

मेंढी गाभण राहिल्यापासून विते तोवर साधारण १४७ दिवस जातात. त्यातला तिसाव्या ते नव्वदाव्या दिवसापर्यंतचा काळ माझ्या मनातून हलत नाही. लोकरीचा अजून पत्ता नसतो, पण नर कोकराचे वृषण कामाला लागलेले असतात. त्यांतलं टेस्टोस्टेरॉन रक्तातून मेंदूत पोचतं, पेशीच्या आवरणातून आत झिरपतं आणि आतल्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला बिलगतं. मग ती जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि कुठली जनुकं जागी करायची ते ठरवते.

हे रिसेप्टर नराच्या मेंदूत असतात, तसे मादीच्याही. टेस्टोस्टेरॉनसारख्या अँड्रोजेनचे असतात आणि इस्ट्रोजेनचेही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गर्द तपकिरी ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचं केंद्रक. एकाच पोटात भाऊ-बहीण वाढत असली तरी ठिपके दोघांच्याही डोक्यात. फरक पडतो तो रक्तातून काय येतं आणि कधी येतं, याने. (गाईला अशी जुळी झाली तर दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात आणि कालवड बहुधा वांझ निघते. मेंढीच्या बाबतीत हे क्वचितच घडतं.)

आणि इथेच आपल्या पुरुषी-बायकी वाटणीची पार फजिती होते. मेंदूत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं जागच्या जागी इस्ट्रोजेन करून टाकतं. म्हणजे नराचा मेंदू नराचा होण्यात, ज्याला आपण सर्रास बायकांचं हॉर्मोन म्हणतो, त्याचाही हात! मला तर हे वाचून हसूच फुटलं होतं.

मिशिगन विद्यापीठात डग्लस फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांना टेस्टोस्टेरॉन देऊन त्यांच्या लेकींचं पुढे काय होतं ते पाहिलं. एरवी वयात येण्याची मेंदूतली हालचाल नर कोकरात दहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, मादीत तिसाव्या. या लेकींचं घड्याळ भावांसारखं लवकर वाजलं. शिवाय बीज सुटण्याआधी एलएच हॉर्मोनची जी मोठी लाट उसळायला हवी, तीही बिघडली. मग जे इस्ट्रोजेनमध्ये बदलूच शकत नाही असं अँड्रोजेन देऊन पाहिलं. घड्याळ तरीही लवकर वाजलं, पण लाट शाबूत राहिली. एकाच गर्भाच्या एकाच मेंदूत एक काम अँड्रोजेनच्या रिसेप्टरकडे आणि दुसरं इस्ट्रोजेनच्या! ‘नर मेंदू’ आणि ‘मादी मेंदू’ असे दोनच कप्पे करणाऱ्याने ही मेंढी कुठे ठेवायची?

ओरेगनच्या चार्ल्स रोसेली यांचं काम जास्त गाजलं, आणि चुकीच्या कारणाने गाजलं. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो मेंढ्यात मेंढीच्या जवळपास दुप्पट असतो. शंभरातले आठेक मेंढे माद्यांकडे ढुंकूनही न पाहता नरांच्याच मागे लागतात. त्यांच्यात हा पुंजका मेंढीएवढाच भरला. २००४ साली हे छापून आलं. पुढे असंही दिसलं, की नर-मादीतला हा फरक जन्माआधीच पडलेला असतो आणि मोठेपणी टेस्टोस्टेरॉन कमी-जास्त झाल्याने पुसला जात नाही. दरम्यान या संशोधनावरून वर्तमानपत्रांनी ‘मेंढ्यांना सुधारण्या’च्या बातम्या रंगवल्या, आणि टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवाने संशोधन थांबवा म्हणून पत्र लिहिलं. तिची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. माणसांना ‘दुरुस्त’ करायला निघालेल्यांनी काय काय केलं, हे तिच्या पिढीने जवळून पाहिलं होतं. पण पुंजका लहान म्हणून आवड वेगळी, की गर्भात आधीच काही वेगळं घडलं आणि त्यातून दोन्ही आलं, हे त्या मोजमापावरून ठरत नाही. आणि त्या मेंढ्यांत दुरुस्त करण्यासारखं काही बिघडलंय, असं तर त्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नाही.